टीबीची गोळी, विम्याची खाट

टीबीचा बहुतेक रुग्ण भरती न होताच बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधांची आणि पुढचे चार महिने तीन औषधांची एकत्रित गोळी, अशा रोज एक याप्रमाणे एकूण १६८ मात्रा घ्याव्या लागतात. ३५ ते ४९ किलो वजनाला दिवसाला तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. सरकारी कार्यक्रमात हे सगळे फुकट आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच देतात, पण खाटेवर पडल्यावर. ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही.

घरातला पैसा मात्र निदानाआधीच संपतो. खोकला लागला की गावातला डॉक्टर, मग सिरप, सलाईन, तालुक्याला एक्स-रे. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडते ती वेगळीच. त्यात कुणी लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहून दिले, तर खोकला थोडा दबतो आणि टीबी महिनाभर लपून राहतो. विम्याने हा खर्च भरावा, असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते तो होऊच न देणे जास्त स्वस्त पडते. खोकला दोन आठवडे टिकला की आशाताईने बेडक्याचे दोन नमुने पाठवावेत, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्या घेतलेला. छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा. नुसती लाळ आली तर तपासणी वाया जाते. बेडक्यातला टीबीचा जंतू शोधणारे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही.

मग विमा कामाचा कुठे? अतिगंभीर रुग्णासाठी. तामिळनाडूने २०२२ पासून निदान होताच प्रत्येक रुग्णाचे वजन-उंची, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, पायाची सूज आणि आधाराशिवाय उभे राहता येते का, एवढे तपासायला सुरुवात केली. श्वास मिनिटाला २४ च्या वर, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १४ च्या खाली असेल तर भरती. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी हा बीएमआय म्हणजे साडेएकतीस किलोच्या आतले वजन. मेळघाट-गडचिरोलीत असे वजन पाहून कुणी दचकत नाही, आणि धोका तिथेच आहे. असा रुग्ण भरती झाल्यावरही त्याला एकदम पोटभर जेवण देऊ नये. रक्तातले फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो. आहार हळूहळू वाढवायचा.

अशा वेळी कागद अडवतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच रेशनकार्डावर असते, आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे असते, जवळचे रुग्णालय योजनेत नसते. म्हणून कार्डाची पडताळणी भरतीच्या रात्री नको, निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते त्याच दिवशी हवी. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. त्यासाठी बँक खाते तपासतोच, तर रेशनकार्डही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

सर्वात मोठी गळती डिस्चार्जच्या दारात होते. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरता आहे, टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. खासगी रुग्णालयांनाही २०१२ पासून टीबीची नोंद सक्तीची आहे, तरी चिठ्ठीवर औषध लिहून रुग्णाला नुसते घरी पाठवले की साखळी तुटते. क्लेमच्या फॉर्मवर निक्षय आयडीचा रकाना सक्तीचा करावा. तो भरल्याशिवाय रुग्णालयाला शेवटचा हप्ता सोडू नये. पैशाचा दट्ट्या परिपत्रकापेक्षा लवकर लागू पडतो. रुग्णाच्या हातात किमान आठवड्याच्या गोळ्या आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, एवढे त्याच दिवशी व्हावे.

हंगामात कामाला बाहेर जाणाऱ्यांचे तसेच. निघण्याआधी सांगितले तर निक्षयवरून नाव नव्या जिल्ह्यात हलवता येते आणि उरलेल्या मात्रा तिथे मिळतात. न सांगता गेलेला रुग्ण इथल्या यादीत ‘उपचार सोडला’ म्हणून राहतो, आणि तिकडे भरती झालाच तर त्याच्या आधीच्या गोळ्यांचा हिशेब कुणाकडे नसतो.