कार्डिनल म्हणजे बढती मिळालेला बिशप नव्हे

पिएर रोजे द बोफोर या फ्रेंच सरदारपुत्राचं चरित्र सांगताना अनेक जण एक शिडी उभी करतात: आधी धर्मगुरू, मग बिशप, मग कार्डिनल आणि शेवटी पोप. ऐकायला अगदी सरळ वाटतं. प्रत्यक्षात तो १३४८ मध्ये कार्डिनल झाला, ३० डिसेंबर १३७० रोजी पोप म्हणून निवडून आला, ४ जानेवारी १३७१ रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तो बिशप झाला. क्रम साफ उलटा आहे. पोप म्हणून निवड झाली त्या दिवशी हा माणूस बिशप तर नव्हताच, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करण्याचा अधिकार असलेला साधा फादरही नव्हता. कार्डिनल मात्र तो बावीस वर्षं होता.

हे उमगत नाही, कारण बिशप आणि कार्डिनल ही एकाच खात्यातली खालची-वरची पदं आहेत असं आपण धरून चालतो.

बिशप कोण हे बहुतेकांना माहीत असतं. एका धर्मप्रांताचा प्रमुख. वसईकडचे ख्रिस्ती त्यांना महागुरुस्वामी म्हणतात. नव्या धर्मगुरूंना दीक्षा देण्याचा अधिकार त्यांचा. आर्चबिशप म्हणजे मोठ्या, महत्त्वाच्या प्रांताचा बिशप. पोशाखातला फरक तर वरवरचा आहे: बिशपांचा जांभळा, कार्डिनलांचा लाल. कार्डिनलांची ती प्रसिद्ध लाल टोपी चौथ्या इनोसंट पोपने १२४५ च्या सुमाराला सुरू केली. रंगांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये.

खरा घोळ पुढे आहे. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक), धर्मगुरू, बिशप. चौथी पायरी नाही. कार्डिनल या शिडीवर कुठेच बसत नाही, कारण कार्डिनलपद ही दीक्षा नसून पोपने केलेली नेमणूक आहे. दीक्षा माणसाला कायमची चिकटते. बिशपची दीक्षा झालेला माणूस पदावरून गेला तरी ती पुसली जात नाही. नेमणूक मात्र काढून घेता येते, आणि काढून घेतलीही गेली आहे. आठव्या बोनिफेस पोपने १२९७ मध्ये कोलोन्ना घराण्यातल्या जाकोमो आणि पिएत्रो या काका-पुतण्यांचं कार्डिनलपद हिरावून घेतलं. पाचव्या क्लेमेंटने पुढे ते त्यांना परत दिलं. असं देणं-घेणं दीक्षेच्या बाबतीत होऊच शकत नाही.

मग कार्डिनल हा प्रकार आला कुठून? लॅटिनमध्ये 'कार्दो' म्हणजे दाराची बिजागरी. रोम शहरातल्या मुख्य चर्चना जोडलेले, ज्यांच्यावर तिथला कारभार फिरतो असे धर्मसेवक ते कार्डिनल. पोप हा मुळात रोमचा बिशप. त्यामुळे कार्डिनल म्हणजे त्याच्या स्वतःच्या शहरातली माणसं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडतं. रोमचा बिशप निवडायचा अधिकार रोमच्या धर्मसेवकांचा, म्हणून पोपची निवडणूक कार्डिनल करतात. १०५९ मध्ये दुसऱ्या निकोलस पोपने या निवडणुकीची सूत्रं मुख्यतः बिशपवर्गाच्या कार्डिनलांकडे दिली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, सगळ्या कार्डिनलांचं मत सारखं धरून दोन-तृतीयांशांची अट घातली.

'बिशपवर्गाचे कार्डिनल' हा शब्दप्रयोगच लोकांना फसवतो. कार्डिनलांचे वर्ग तीन. रोमच्या आसपासच्या ऑस्तिया, पोर्तो, अल्बानो अशा जुन्या धर्मप्रांतांचे ते बिशपवर्गातले. शहरातल्या ठरावीक चर्चच्या नावावर नेमलेले ते धर्मगुरूवर्गातले. आणि पूर्वी दानधर्माचं काम चालायचं त्या चर्चच्या नावावरचे ते डीकनवर्गातले. मध्ययुगात शेवटच्या वर्गात येण्यासाठी गुरुदीक्षेची गरज नव्हती. पिएर रोजे द बोफोर आला तो याच दारातून.

त्याचं घर दक्षिण फ्रान्समधल्या लिमुझँ भागातलं. वडील गिय्योम रोजे, बोफोरचे काउंट. सख्खा चुलता सहावा क्लेमेंट, म्हणजे तेव्हाचा पोप. त्या काळात पोपची गादी रोममध्ये नव्हती, आज फ्रान्समध्ये असलेल्या आव्हिन्यों शहरात होती. याच चुलत्याने १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून ८०,००० फ्लोरिन मोजून आव्हिन्यों शहर विकत घेतलं आणि त्याच वर्षी जेमतेम अठरा वर्षांच्या पुतण्याला कार्डिनल केलं. बिशप होण्यासाठी वयाची तीस वर्षं पुरी असावीत असं तिसऱ्या लॅटरन परिषदेनेच ठरवलं होतं. डीकनवर्गातल्या कार्डिनलपदासाठी मात्र पोपची इच्छा पुरेशी होती. ही घराणेशाहीच होती, आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही. पण त्या मुलाच्या बाजूनेही सांगायला हवं की लाल टोपी मिळाल्यावर तो पेरुजाला कायदा शिकायला गेला आणि पुढे कायद्याचा उत्तम जाणकार म्हणून नावाजला गेला.

आता चुलत्याकडे पाहा, कारण त्याच्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. त्याचंही नाव पिएर रोजेच. दोघांच्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या की मला फार त्रास होतो, म्हणून 'द बोफोर' हे शेपूट कधीही गाळू नये असा माझा आग्रह आहे. चुलता लहानपणीच ला शेझ-द्यूच्या मठात गेला, बेनेडिक्टाइन संन्यासी झाला. १३२८ मध्ये आरासचा बिशप, १३२९ मध्ये सांसचा आर्चबिशप, १३३० मध्ये रूआंचा आर्चबिशप, १३३८ मध्ये कार्डिनल, १३४२ मध्ये पोप. ही यादी अगदी त्या शिडीसारखीच दिसते, आणि अशा माणसांमुळेच शिडीची कल्पना घट्ट होते. पण १३३८ मध्ये काय झालं ते बघा. कार्डिनल झाल्यावर त्याने रूआं सोडलं. त्या काळात कार्डिनल पोपच्या दरबारात राहत आणि आधीचा धर्मप्रांत सहसा दुसऱ्याकडे जाई. म्हणजे तो एका खुर्चीवरून तिच्या वरच्या खुर्चीवर बसला नाही, एका कामातून दुसऱ्या कामात गेला.

या बाबतीत काळ बदलला आहे, हेही सांगायला हवं. १९१७ च्या धर्मसंहितेने कार्डिनल किमान धर्मगुरू असावा असं ठरवलं. १९६२ मध्ये तेविसाव्या जॉन पोपने सगळ्या कार्डिनलांना बिशपची दीक्षा असावी असा नियम केला, तरी पोप आजही सूट देऊ शकतात. २०२४ मध्ये कार्डिनल झालेले इंग्लंडचे धर्मगुरू टिमथी रॅडक्लिफ बिशप नाहीत. आता धर्मप्रांतही सोडावा लागत नाही. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले आणि गोव्याचे आर्चबिशपही राहिले. म्हणून अशा वेळी 'बढती' हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे. गोव्यातला त्यांचा अधिकार त्या दिवशी तसूभरही वाढला नाही. वाढला तो रोममधला मान, पोपला सल्ला देण्याची जबाबदारी आणि वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत पोपच्या निवडणुकीतलं एक मत. 'आर्चबिशप फेर्राव यांची कार्डिनल म्हणून नेमणूक' एवढं लिहिलं तरी पुरतं आणि ते अचूकही असतं.

बोफोरच्या पिएरकडे परत येतो. निवड झाल्यावर त्याने अकरावा ग्रेगरी हे नाव घेतलं. पोप व्हायचं तर रोमचा बिशप व्हायलाच हवं, म्हणून त्या दोन दिवसांत त्याच्या दोन्ही दीक्षा उरकण्यात आल्या. सहा वर्षांनी, जानेवारी १३७७ मध्ये, त्याने पोपची गादी आव्हिन्योंहून रोमला परत नेली. २७ मार्च १३७८ रोजी तो तिथेच वारला. त्याच्यानंतर फ्रेंच पोप झाला नाही. अठराव्या वर्षी कार्डिनल झाला तेव्हा त्याच्या नावावर रोमच्या फोरमजवळचं सांता मारिया नुओवा हे चर्च लावलं होतं. लिमुझँच्या काउंटपुत्राचा त्या चर्चशी संबंध तेवढाच, नेमणुकीच्या कागदापुरता. त्याची कबर त्याच चर्चमध्ये आहे.