रानपिंगळ्यासाठी मेळघाटात: सहकुटुंब येणाऱ्यांसाठी माहिती

आमची मेळघाटची हिवाळी सहल रानपिंगळ्यासाठी आहे, वाघासाठी नाही, हे नोंदणीआधीच सांगतो. वाघाच्या मागावर पळणाऱ्या गाडीतून हा पक्षी दिसत नाही. त्यासाठी गाडी थांबवून, इंजिन बंद करून सागाच्या उघड्या फांद्या निरखाव्या लागतात. मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

हाच पक्षी का?
रानपिंगळा हे लहानसं घुबड आहे आणि ते जगात फक्त भारतात आहे. प्रौढ पक्षी हजाराच्या आत असावेत असा अंदाज आहे. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी शास्त्राला त्याची ओळख करून दिली आणि १८८४ नंतर त्याचा पत्ताच लागला नाही. मधल्या काळात माइनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयात जतन केलेल्या रानपिंगळ्याचा जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासून ही लबाडी उघड केली. ती खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. पुढच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटातही सापडला. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर मुलांना ही हकीकत आम्ही सविस्तर सांगतो. कृपया आधी सांगून टाकू नका.

मुलांना दाखवायला तो सोयीचा आहे, कारण घुबड असूनही तो दिवसा वावरतो. थंडीत सकाळी उन्हात उघड्या फांदीवर बसतो आणि खाली सरडे, सापसुरळ्या, उंदीर हेरतो. सावज दिसलं की शेपटी भराभर डावी-उजवीकडे हलवतो. गावाकडच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर तपकिरी पट्टा, चोच आणि पिसांनी झाकलेले पाय दणकट. अंगभर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर तो जंगली पिंगळा. तिघांची चित्रं असलेला कागद प्रत्येक मुलाला देतो.

दिसेलच का?
खात्री देत नाही. न दिसल्यास पैसे परत मिळत नाहीत. रानपिंगळ्याचा आवाज मोबाइलवर वाजवला तर तो जवळ येऊ शकतो, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत. तरीही आम्ही आवाज वाजवत नाही आणि पाहुण्यांनाही वाजवू देत नाही. तो त्याच्या जोडी जमण्याचा काळ असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार सोडून धावत येतो, आणि ज्या जागी रोज गाड्या येतात तिथे हे रोज घडतं. घरट्याच्या ढोलीपाशी आम्ही थांबत नाही. पक्षी दिसल्याची नेमकी जागा फोटोसोबत समाजमाध्यमांवर टाकू नका, ही विनंती आहे. इतक्या कमी उरलेल्या पक्ष्याला गर्दी परवडणार नाही.

रानपिंगळा हुकला तरी सर्पगरुड, सुतार, टकाचोर, हळद्या यांची ओळख होतेच. सोबतचे वाटाडे इथल्याच कोरकू गावांतले आहेत आणि त्यांचा कान आमच्यापेक्षा तयार आहे. ते थांबा म्हणाले की थांबायचं.

दुर्बीण
दर कुटुंबाला दोन दुर्बिणी आम्ही देतो. मोठ्यांसाठी ८×४२, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. मुलांसाठी हलकी ८×३२. घरी थोडा सराव करून या: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण दुर्बीण लावून मग पक्षी शोधतात, तोवर तो उडालेला असतो. घरासमोरच्या तारेवरचा कोतवाल सरावाला उत्तम.

येताना
परतवाडा सोडल्यावर घाट लागतो. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना भरपेट खाऊ घालून आणू नका. पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी असते, कानटोपी हवीच. कपडे मातकट किंवा हिरवे, लाल-पांढरे नकोत. जंगलात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, घरी तसं सांगून निघा. एका जीपमध्ये एकच कुटुंब असतं, त्यामुळे मूल कंटाळलं तर मागे फिरायला कोणाला विचारावं लागत नाही. वनविभागाचं प्रवेशशुल्क आमच्या दरात धरलेलं नाही. प्रवेशाच्या वेळी मोठ्यांची ओळखपत्रं लागतात.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही सहल नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. तास-दीड तास गप्प बसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नोंदणी करताना मुलांची वयं, कोणाला दमा किंवा ॲलर्जी असल्यास ती आणि आजी-आजोबा सोबत असतील तर तेही कळवा. त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली राखून ठेवतो.