आठवड्याच्या जेवणाचे ऋतुमानी नियोजन (नाशिक)

आठवडे बाजारात जवळच्या शिवारातले, त्या ऋतूतले जे ताजे मिळेल, त्यावरून घरातल्या पुढच्या सात दिवसांच्या जेवणाची आखणी करण्याची पद्धत. ती महाराष्ट्रात सगळीकडे दिसते. नाशिकला मात्र तिच्यासाठी लागणारी विविधता हाताशी आहे. शहरातून निघाल्यावर दोनेक तासांत भातखाचरे, नागलीचे (नाचणीचे) डोंगरउतार, द्राक्षबागा, कांदा साठवण्याच्या चाळी आणि बाजरीचे कोरडवाहू रान असे सगळे गाठता येते. या नोंदीत मुख्यतः नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या घरगुती रीतीचा विचार केला आहे.

पाऊस आणि पिके

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. सह्याद्रीच्या कुशीतल्या इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या येवला-नांदगावच्या वाट्याला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. ताटातला फरक इथूनच सुरू होतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी (कारळे) येते. पावसाळ्यातल्या रानभाज्याही तिकडच्याच. मधला पट्टा दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्याचा. इथल्या द्राक्ष, टोमॅटो आणि भाजीपाल्याला गंगापूरसारख्या (१९६५) धरणांच्या पाण्याचा आधार आहे. उत्तरेला बागलाण, देवळा, कळवण ही डाळिंब-कांद्याची भूमी, तर सिन्नर-येवल्याकडे बाजरी.

हिवाळ्यात निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागायतदार त्या थंडीने धास्तावतात, पण मेथी, हरभरा, वाल आणि वाटाण्याला गोडी येते ती याच दिवसांत.

बाजार

नाशिकचा आठवडे बाजार बुधवारी गोदाघाटावर भरतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावरची दुकाने हलवावी लागतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी ओळखतात; तिला पाणी कुठवर लागले, हे त्या दिवसांत भाजी घ्यायला निघणाऱ्यांनाही ठाऊक असावे लागते. बुधवार चुकला तर गणेशवाडी आणि भद्रकालीचे बाजार रोजचे आहेत. गिरणारे, मखमलाबाद या बाजूंना रस्त्याच्या कडेला शेतकरी स्वतः माल घेऊन बसलेले दिसतात.

पंचवटीतल्या बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी होतो. मेथी, शेपू, कोथिंबीर, कांदापात यांच्या जुड्या शेकड्याच्या भावाने विकल्या जातात आणि त्याच रात्री पुष्कळसा माल मुंबईच्या वाटेला लागतो. त्यामुळे मुंबईची मागणी वाढली की नाशिकच्या कोथिंबिरीचा भाव नाशिककरांनाही जड होतो. जवळ पिकते म्हणून स्वस्त मिळेलच, असे धरून आठवड्याचा खर्च मांडू नये.

बाजारातली पारख हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे. गावठी मेथी बुटकी, बारीक पानांची असते आणि पानांच्या कडांना लालसर छटा असते. ती भरघोस, रुंद पानांच्या मेथीपेक्षा कडवट आणि जास्त वासाची. गिलके (घोसाळे) हातात हलके लागले आणि दाबल्यावर पोकळ वाटले तर आत जाळी धरलेली असते. वांग्याचे देठ हिरवे आणि काटेरी असावे. कारली, दोडकी, काकड्या मधल्या आकाराच्या घ्याव्यात. लांबलचक काकडी दिसायला छान असली तरी तिच्यात बियाच फार.

आखणीची रीत

सोमवारी पोहे-पालक, मंगळवारी भेंडी असे नाव घालून तक्ता आधी लिहायचा आणि मग यादी घेऊन बाजारात जायचे, ही पद्धत इथे टिकत नाही. बाजारात भेंडी जून निघते, शेजारच्या पाटीत कोवळी गवार असते, आणि यादीपायी जून भेंडीच घरी येते. नाशिकच्या जाणत्या घरांत तक्ता असतोच, फक्त त्यात भाजीच्या नावाऐवजी प्रकार धरलेला असतो: पालेभाजी दोन दिवस, वेलावरची भाजी दोन दिवस, शेंग किंवा वांगे एक दिवस, कडधान्य एक दिवस आणि एक दिवस घरातल्या डब्यांवर. नावे बाजारात ठरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ऋतुमानी नियोजनाचा कणा हाच आहे, आणि कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा तो भरवशाचा आहे.

दुसरा नियम क्रमाचा. जे आधी खराब होते ते आधी शिजते. पालेभाजी बुधवार-गुरुवारी, गिलकी-भेंडी-गवार त्यानंतर, दोडका आणि वांगी मग, कोबी, दुधी, डांगर (लाल भोपळा) शेवटी. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी टोपली रिकामी झालेली असते. त्या दिवसासाठी पिठले, उसळ, शेंगोळे किंवा उडदाचे घुटे राखलेले असते.

श्रावणातला एखादा आठवडा घेऊन पाहू. बुधवारच्या पिशवीत अंबाडी, चवळीचा पाला, करटोली, गिलकी, दोडकी, काकड्या आणि डांगराची फोड आली आहे. त्या रात्री अंबाडी शिजवून, तिचे आंबट पाणी काढून, तांदळाच्या कण्या घालून घोटली जाते. वरून लाल मिरचीची फोडणी. श्रावणात कांदा-लसूण न खाणारी घरे पुष्कळ असल्याने लसूण वगळला जातो. गुरुवारी चवळीचा पाला मूगडाळीत. शुक्रवारी करटोल्याच्या चकत्या तेलावर खरपूस. बिया कोवळ्या असतील तर काढायच्या नाहीत. शनिवारी निम्म्या गिलक्यांची भजी आणि निम्म्यांची दाण्याचे कूट घालून भाजी. रविवारी दोडका हरभऱ्याच्या डाळीत, आणि सोललेल्या शिरा तीळ घालून परतून चटणीला. त्याच रात्री मटकी भिजत पडते. श्रावणी सोमवारी दिवसा भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी उपवास सोडायला वरण-भात आणि गूळ घातलेली डांगराची भाजी. मटकी एव्हाना फडक्यात बांधून मोड यायला ठेवलेली असते. मंगळवारी तिची उसळ आणि नागलीची भाकरी. काकड्या मधल्या दिवसांत कोशिंबिरीत संपतात. या आठवड्यात भाजी वाया गेली नाही आणि एकही पदार्थ दुसऱ्यांदा आला नाही. मटकी रविवारीच भिजवणे हीच काय ती आधीपासून करायची गोष्ट होती.

प्रमाण

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खाण्याची शिफारस करते. बटाटा आणि तत्सम कंद त्यात धरलेले नाहीत. चौघांच्या घराला आठवड्याला हे ११ किलोंच्या वर जाते. एका खेपेत एवढे आणणे आणि टिकवणे अवघड, म्हणून बुधवारी सात-आठ किलो आणि शनिवार-रविवारी जवळच्या भाजीवाल्या मावशींकडून उरलेले, अशी विभागणी सोयीची पडते. ११ किलो ऐकायला फार वाटते, पण त्यात काकडी, टोमॅटो आणि फळेही आली. जानेवारी ते एप्रिल द्राक्षे आणि थंडीत पेरू घरात असले की फळांचा वाटा सहज भरतो.

पावसाळ्यातील रानभाज्या

जून-जुलैत पालेभाज्या चिखलाने आणि सडीने खराब होतात, भाव चढतात. नेमक्या त्याच दिवसांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूलकडच्या आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे घेऊन शहरात येतात. पहिल्या पावसाबरोबर शेवळे, मग फोडशी, कुर्डू, टाकळा, भारंगी, चाईचा मोहर, बांबूचे कोंब, आणि पुढे करटोली. यातली कित्येक नावे घाटावरच्या गर्दीत पंधरा दिवसच ऐकू येतात. ज्या घराच्या तक्त्यात या पंधरवड्यासाठी जागा नाही, त्याला वर्षभर थांबावे लागते.

रानभाजीला तिची अशी रीत असते आणि ती विकणारीकडूनच शिकावी. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. ते घशाला खवखवतात. म्हणून ती बारीक चिरून, काकड या रानझाडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंच-आमसूल घालून भरपूर शिजवतात. भारंगीचा कडूपणा उकळून पाणी पिळून टाकल्यावर उतरतो. फोडशीचा मधला कडक दांडा काढून टाकावा लागतो. ओळख नसलेली पाने स्वतः खुडून आणून शिजवू नयेत; सारख्या दिसणाऱ्या विषारी वनस्पती असतात. राज्याच्या कृषी विभागातर्फे ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवले जातात. तिथे भाजीबरोबर ती करण्याची पद्धतही सांगितली जाते.

हिवाळा आणि उन्हाळा

हिवाळ्यात प्रश्न उलटा असतो: काय सोडावे. मेथी, पालक, करडई, हरभऱ्याचा पाला, कांदापात, मुळा, गाजर, वाल, घेवडा, तुरीच्या शेंगा, फ्लॉवर, वांगी हे सगळे एकदम येते. अशा वेळी पालेभाजीचे दिवस तीन करावेत. कोवळा हरभऱ्याचा पाला शिजवण्याआधी एकदा घोळाण्यासाठी (कच्च्या पाल्याच्या कोशिंबिरीसाठी) बाजूला काढावा. मीठ, तेल, कांदा आणि हिरवी मिरची एवढ्यावर तो होतो. बाजरीची भाकरी याच दिवसांतली. सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी, बोरे आणि हुरडाही थंडीचाच.

उन्हाळ्यात पाणी आटते तसा भाजीपाला रोडावतो. गवार, भेंडी, काकडी, कलिंगड आणि कैरीवर भागवावे लागते. याच उन्हात वाळवणे होतात: कुरडया, सांडगे, मुगाचे वडे, नागलीचे पापड. ती हौसेची तोंडीलावणी मानली जातात, पण नियोजनाच्या दृष्टीने तो पावसाळ्याचा साठा आहे. जुलैत बाजार महाग आणि चिखलाने माखलेला असतो, तेव्हा सांडग्याचे कालवण आणि भात यावर एक अख्खा दिवस निघतो. मे महिन्यात करवंदे, त्यानंतर जांभळे आणि पाऊस लागण्याआधीचा गावठी आंबा ही डोंगराकडची फळे आठ-दहा दिवसांतच आटोपतात.

कांद्याचे गणित वेगळे. पावसाळी लाल कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे तो आणून लगेच संपवावा. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा मात्र नीट वाळवून हवेशीर ठेवला तर चार ते सहा महिने टिकतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या परिसरातले शेतकरी चाळीत करतात तेच घरातही करता येते. अनेक घरे एप्रिल-मेमध्ये गोणी भरून कांदा घेतात आणि पलंगाखाली पसरतात. त्याच्याशेजारी बटाटे ठेवू नयेत, दोन्ही लवकर बिघडतात.

सणवार

पंचांग हीसुद्धा या भागातली जुनी आहारपत्रिका आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगे वर्ज्य करणारी घरे आजही आहेत. वांगे पुन्हा ताटात येते ते चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याने. तोवर थंडीतले वांगे खरेच चांगले झालेले असते. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या पाल्याची आणि कंदांची. पितृपंधरवड्यात गवार, कारली, भेंडी, डांगर यांना मागणी येऊन भाव वाढतो, म्हणून ज्या घरी त्या आठवड्यात श्राद्ध नाही त्यांनी या भाज्या टाळलेल्या बऱ्या. पौषात भोगीला वाल, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगे, बोरे यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वैशाखात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस. त्याआधी आंबा न खाण्याचा नेम पाळणारी घरे जिल्ह्याच्या उत्तर भागात पुष्कळ आहेत.

धान्य

गव्हाची पोळी रोजची झाल्यापासून नागली आणि वरई मागे पडली. त्या परत आणायच्या तर आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्यावे लागतात, नाहीतर पीठ डब्यात जुने होते. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तृणधान्यांत हे प्रमाण ठळकपणे जास्त. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरातल्या दुकानांतही नागली दिसू लागली. वरई सडून भगर करणाऱ्या गिरण्या नाशकातच आहेत. उपवासाला दूरवरून येणाऱ्या साबुदाण्याऐवजी भगर वापरणे हा या पद्धतीतला सर्वांत सोपा बदल.

साठवण

पालेभाजी धुऊन ठेवली की कुजते. निवडून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि शिजवताना धुवावी. कोथिंबिरीच्या मुळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या तर दोन-तीन दिवस जास्त तगते, आणि काड्या वाटणात जातात. पिकणारे टोमॅटो, केळी, आंबे यांतून इथिलीन वायू सुटतो; त्यांच्या शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. द्राक्षे तोडल्यावर पिकत नाहीत, त्यामुळे आंबट घड घरी ठेवून गोड होण्याची वाट पाहू नये. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, डांगराच्या बिया हे सगळे खाण्याजोगे असते.

मर्यादा

जवळचे आणि ऋतूतले या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. शेडनेट आणि पॉलिहाऊसमुळे ढोबळी मिरची नाशिक परिसरात बहुतेक वर्षभर पिकते. ती जवळची खरी, पण तिच्यावरून महिना ओळखता येत नाही. उलट थंडीच्या सुरुवातीला स्वस्त झालेला वाटाणा पुष्कळदा परराज्यातला असतो. दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत बुधवारी घाटावर जाणे जमत नाही आणि निवडण्याचे काम अजूनही बहुतेक घरांत एकट्या बाईवर पडते. चार हात लागले तर तीन जुड्या टीव्हीसमोर बसून अर्ध्या तासात निवडून होतात. ते हात मिळत नसतील तर तक्त्यातला पालेभाजीचा एक दिवस कमी करून वाल-घेवड्याऐवजी दुधी, कोबी घेणे रास्त.