‘एम’ म्हणजे मेटलच का? सायकी लघुग्रहाची पार्श्वभूमी

सायकी लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं नासाचं यान ऑगस्ट २०२९ मध्ये तिथं पोहोचणार आहे. त्याची बातमी आली की ‘सोन्याचा लघुग्रह’ हा मजकूरही व्हॉट्सअ‍ॅपवर हटकून फिरतो. एकावर एकोणीस शून्यं एवढे डॉलर, आणि पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश! या आकड्याचा सोन्याशी फारसा संबंध नाही. तो नुसत्या लोखंडाच्या भावानं केलेला गमतीचा हिशेब होता, आणि त्यातही सगळा लघुग्रहच धातूचा आहे असं धरलेलं होतं. दुर्बिणींनी गेल्या काही वर्षांत नेमकं हेच गृहीत खिळखिळं केलंय.

सायकी सापडला तो १७ मार्च १८५२ रोजी, इटलीतल्या नेपल्समधून. क्रमानं सोळावा, म्हणून अजूनही ‘१६ सायकी’. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तो आकाशातला एक ठिपकाच होता. कक्षा मोजता येत होती. तो कशाचा बनलाय, हे विचारण्याजोगी साधनं मात्र हाताशी नव्हती.

ती आली १९७० च्या दशकात. लघुग्रहावरून परतणारा सूर्यप्रकाश वेगवेगळ्या फिल्टरांतून मोजायचा आणि प्रयोगशाळेतल्या अशनींच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. काळपट, कार्बनवाल्या अशनींसारखे दिसले ते ‘सी’. सिलिकेटी दगडांसारखे ते ‘एस’. उरलेल्यांतल्या काहींच्या वर्णपटात, म्हणजे कुठल्या रंगाचा प्रकाश किती परततो त्या आलेखात, काहीच सापडेना. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही दगडांतली सिलिकेट खनिजं ठरावीक रंग शोषतात, तिथं रेघेत खळगा पडतो. इथं ऑलिव्हिनचा खळगा नाही, पायरॉक्सिनचा नाही, फक्त लाल बाजूला किंचित चढत जाणारी सपाट रेघ. लोह-निकेलच्या अशनीची रेघ अशीच असते. म्हणून त्यांना ‘एम’ हे अक्षर मिळालं, मेटलमधलं.

गोम इथंच आहे. लोखंडाची ओळख कशावरून पटवली, तर ओळखीची खूण नाही यावरून! आणि खूण नसलेलं लोखंड एकटंच नव्हतं. एन्स्टेटाइट हे जवळजवळ लोहविरहित सिलिकेट ज्यांत भरपूर असतं, त्या अशनींचा वर्णपटही तसाच सपाट येतो. १९८४ च्या वर्गीकरणात ही अडचण रीतसर कबूल केली गेली. ‘ई’, ‘एम’ आणि ‘पी’ या तीन वर्गांचे रंग सारखेच होते, त्यांना वेगळं करायचं ते फक्त उजळपणावरून. लख्ख तो ‘ई’, मध्यम तो ‘एम’, काळपट तो ‘पी’. उजळपणा माहीत नसेल तर ‘एक्स’ लिहून मोकळं व्हायचं. म्हणजे कागदोपत्री ‘एम’चा अर्थ ‘रंगात विशेष काही नाही, उजळपणा मध्यम’ इतकाच उरला होता. बोलताना मात्र ‘एम म्हणजे मेटल’ हेच चालू राहिलं, वर्गात, लेखांत आणि पुढे मोहिमेच्या प्रस्तावांतही. गावात एखाद्याला लहानपणी पैलवान नाव पडतं आणि तो आयुष्यभर किराणा दुकान चालवतो, तशातली गत.

२००९ मध्ये अवरक्त किरणांपर्यंत वाढवलेल्या वर्गीकरणात उजळपणा हा निकष नव्हताच. त्यामुळे ‘एम’ यादीतून गेला आणि सायकी ‘एक्सके’ या उपवर्गात जाऊन बसला. कारण त्याच्या सपाट समजल्या गेलेल्या रेघेतही ०.९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास पायरॉक्सिनचा उथळ खळगा दिसला होता. मग २०२२ मध्ये आणखी एक वर्गीकरण आलं, त्यानं उजळपणा पुन्हा मोजायला घेतला आणि ‘एम’ परत आला. एकच दगड, पन्नास वर्षांत तीन पत्ते. अक्षर परत आलं म्हणून धातूही परत आला असं कुणी समजू नये, पण बातम्यांत तसं समजलं जातं.

वर्णपट फसवू शकतो, वजन तेवढं फसवत नाही. एका हातात लोखंडाची पहार आणि दुसऱ्यात काळ्या दगडाचा वरवंटा घेऊन पाहा. लोखंडाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, आपल्याकडच्या बसाल्टची ३ च्या जरा आतबाहेर. सायकीसाठी २००० साली निघालेला एक आकडा २ च्याही खाली होता, आणि २००२ साली दुसऱ्या गटाचा आकडा थेट ७ च्या आसपास! त्याचं वस्तुमान काढायचं तर शेजारून जाणाऱ्या लघुग्रहांना तो किती ओढतो ते पाहावं लागतं, आणि ही ओढ अगदी नाममात्र असते. आकारमान काढताना व्यासाचा घन होतो, त्यामुळे व्यासात दहा टक्क्यांची चूक झाली की आकारमान तिसऱ्या हिश्श्यानं फुगतं. चिलीतल्या ८ मीटरच्या दुर्बिणीनं वातावरणाची थरथर काढून टाकत सायकीचा खरा आकार टिपला, तेव्हा कुठे आकडे एका जागी यायला लागले. सरासरी व्यास २२० किलोमीटरच्या थोडा वर, घनता ४ च्या आसपास. म्हणजे पहारीपेक्षा वरवंट्याला जवळची.

धातूवाल्यांकडे याचं उत्तर होतं. तो धातूचा ढिगारा असेल, आत पोकळ्या असतील. पण ७.८ वरून ४ वर यायचं तर जवळपास निम्मा लघुग्रह पोकळ धरावा लागतो. एवढ्या मोठ्या पिंडात इतकी पोकळी टिकेल का, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. मला तरी ते ओढूनताणून आणलेलं वाटतं.

त्याआधी ल्युटेशिया या दुसऱ्या लघुग्रहाचा धडा मिळाला होताच. तोही जुना ‘एम’. १० जुलै २०१० रोजी एक युरोपीय यान त्याच्याजवळून गेलं, घनता निघाली ३.४ आणि दिसला धुळीनं माखलेला, खड्ड्याखड्ड्यांचा दगड. १९९० च्या दशकातल्या निरीक्षणांत तर कितीतरी ‘एम’ लघुग्रहांवर ३ मायक्रॉनजवळ पाणीदार खनिजांची खूण सापडली होती, आणि त्यांच्यासाठी ‘वेट’चा ‘डब्ल्यू’ असं नवं अक्षरही सुचवलं गेलं होतं. ‘एम’ लघुग्रह म्हणजे फुटलेल्या छोट्या ग्रहांचे उघडे पडलेले गाभे, असं मानलं जायचं. वितळून घट्ट झालेल्या धातूच्या अशा गाभ्यावर ओलसर खनिजं कुठून येतील, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला, पण मोठ्या आवाजात नाही.

रडारचा पुरावा मात्र धातूच्या बाजूनं आहे. पोर्टो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या थाळीनं (ती २०२० मध्ये कोसळली) पाठवलेल्या लहरी सायकीवरून खडकाळ लघुग्रहांच्या दुपटीहून जोरात परतत. २०२१ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या ६६ अँटेनांच्या अल्मा दुर्बिणीनं त्याची स्वतःची उष्णता मिलिमीटर लहरींत टिपली. अख्ख्या सायकीचं चित्र जेमतेम ५० ठिपक्यांचं. त्यावरून पृष्ठभागात निदान २० टक्के धातू असावा असं निघालं. पण लकाकणाऱ्या सलग धातूवरून येणारी उष्णता ज्या तऱ्हेनं ध्रुवित (लहरींची कंपनं एकाच दिशेला झुकलेली) असायला हवी, तशी ती नव्हती. दगडात धातूचे कण विखुरलेले असावेत, हे त्याचं साधं स्पष्टीकरण.

आणि मग अवकाशातली वेब दुर्बीण. जमिनीवरून पाहताना आपल्याच हवेतली वाफ ३ मायक्रॉनच्या पट्ट्याचा मोठा तुकडा गिळते, त्यामुळे त्या खुणेचं फक्त शेपूट हाती लागायचं. अवकाशातून पूर्ण पट्टा दिसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत सायकीवर हायड्रॉक्सिल स्पष्ट दिसलं, पाण्याच्या रेणूची ६ मायक्रॉनजवळची खूण मात्र दिसली नाही. मराठी मथळ्यांत याचंही ‘पाणी सापडलं’ झालं. हायड्रॉक्सिल म्हणजे खनिजाला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी; गंजातही ती असते. ती सायकीची स्वतःची, की ओलसर लघुग्रह आदळून बाहेरून आलेली, हे वर्णपटावरून ठरत नाही. वेस्टा या दुसऱ्या मोठ्या लघुग्रहावर बाहेरून आलेला असा माल सापडलेला आहे, हे इथं लक्षात घ्यायला हवं.

यानावर गॅमा किरण आणि न्यूट्रॉन मोजणारं उपकरण आहे, ते पृष्ठभागातलं निकेल मोजेल. लोह अशनींत ते सहसा ५ टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणून धातूची ही चांगली कसोटी.