रिलिंक्विश (हक्क सोडणे)

'रिलिंक्विश' हे इंग्रजी कायद्याच्या भाषेतले क्रियापद. मूळ लॅटिन 'रेलिंक्वेरे', म्हणजे मागे ठेवून जाणे. मिळकतीतला आपला हिस्सा आपण होऊन सोडणे, हा त्याचा कायदेशीर अर्थ; त्यासाठी जो दस्त होतो ते हक्कसोडपत्र. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा शब्द सामाईक सातबाऱ्यामुळे घरोघरी पोचला आहे. कलमांच्या एका बागेवर आजोबांच्या पिढीपासूनची नावे असतात, निम्मी माणसे मुंबईत. म्हणून सह्यांचा विषय बहुधा गणपतीत किंवा मे महिन्यात निघतो.

हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्या लाभात. बाहेरच्याला द्यायचा तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत करावे लागते. शिवाय सोडण्याआधी हक्क हाती आलेला असावा लागतो. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला पुढे हिस्सा मिळेल, ही नुसती आशा झाली; मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ नुसार तिचे हस्तांतर होत नाही. जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो.

गावात मात्र हे क्रियापद वेगळेच होते: "बहिणींची नावे कमी केली." इंग्रजी क्रियापदाची कर्ती बहीण आहे, दस्तातही 'लिहून देणार' तीच, बोलण्यात ती कर्म होऊन बसते. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी, ठरली, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. माहेर तुटू नये म्हणून अनेकजणी सही करतात. ती माया खरी असते. पण दस्त आधी वाचून घेतल्याने ती कमी होत नाही. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे शब्द दस्तात असले आणि सही प्रत्यक्षात दडपणाखाली झाली असली, तर दस्त रद्द करण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. मुदत, खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षे.

याच क्रियापदाचा आणखी एक वापर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५५ मध्ये आहे: भोगवटादार (शासनाकडून जमीन धारण करणारा) तहसीलदाराला लेखी नोटीस देऊन जमीन सोडू शकतो. जुन्या महसुली मराठीत यालाच राजीनामा म्हणत.