रुग्णशय्या ते प्रयोगशाळा: मेंदूविकारांच्या डॉक्टर-संशोधकांची घडण

मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवर संशोधन करणारा डॉक्टर ही परंपरा त्यासाठीच्या अभ्यासक्रमांहून बरीच जुनी आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या आउगुस्ट डेटर यांना स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी ‘श्रीमती’ एवढेच लिहिले आणि पुढचे त्या विसरल्या. अल्झायमर यांनी हे टिपून ठेवले. १९०६ मध्ये त्या वारल्या तेव्हा अल्झायमर म्युनिकला होते. त्यांनी मेंदू तिकडे मागवला आणि चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांत, सूक्ष्मदर्शकाखाली, चेतापेशींमधला तंतूंचा गुंता पाहिला.

रुग्णाला प्रश्न विचारणारा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस एकच असणे पुढे अवघड झाले, कारण जीवरसायनशास्त्र इतके वाढले की रुग्णसेवा सांभाळून ते जाता-येता शिकता येईना. अमेरिकेत वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन या दोन्ही पदव्यांचा, जोड अभ्यासक्रम सुरू केला. १९६४ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच ही अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, अशा शिक्षणाला अनुदान देऊ लागली. तरीही अमेरिकी डॉक्टर-संशोधक जेम्स विनगार्डन यांनी १९७९ मध्ये डॉक्टर-संशोधकांची जात नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचा इशारा दिला. जोड पदवीला सात-आठ वर्षे, मग न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले विशेष प्रशिक्षण, त्यावर आणखी खोल प्रशिक्षणाची फेलोशिप, असा हा लांबचा पल्ला आहे.

मात्र पदव्यांचा आकडा हेच या घडणीचे मर्म आहे, असे मला वाटत नाही. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांच्याकडे पीएचडी नव्हती. एनआयएचच्या प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइम्सवर) काम केल्याचा अनुभव मात्र होता. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रेसिडेन्सी करताना क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या दुर्मिळ, जीवघेण्या आजाराची एक रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली आली, आणि तिच्या मृत्यूने उभा केलेला प्रश्न त्यांनी सोडला नाही. अशा आजाराला कारण ठरणाऱ्या संसर्गजन्य प्रथिनासाठी ‘प्रायॉन’ हा शब्द त्यांनी मांडला तो १९८२ मध्ये, दहा वर्षांनी. नोबेल मिळाले १९९७ मध्ये.

ही मधली दहा वर्षे तरुण डॉक्टरला मिळावीत कशी, हा प्रश्न आजही कायम आहे. तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीच्या एनआयएचच्या के०८ अनुदानात किमान ७५ टक्के वेळ संशोधन आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याची अट असते ती त्यासाठीच, आणि उरलेल्या वेळात बाह्यरुग्ण विभागात तोच स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा समोर बसलेला असतो.