ऑक्सिजन ९७, तरी दम का लागतो?

न्यूमोनियाने आयसीयूत दहा-बारा दिवस काढून माणूस घरी येतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला की ९७ दाखवतो, पण बाथरूमपर्यंत जाऊन आला की धापा टाकतो. घरचे घाबरतात, पुन्हा सीटी स्कॅन काढू या म्हणतात. कुणीतरी कापूर-ओव्याची पुरचुंडी आणून देतं. (२०२१ मध्ये व्हॉट्सॅपच्या कृपेने ती घरोघर पोचली होती. कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही.) आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बजावतो, 'अजिबात उठू नकोस, पडून राहा.'

घोळ इथेच होतो. अशा बऱ्याच पेशंटांच्या दमाचं मूळ फुप्फुसांइतकंच मांड्यांमध्ये असतं.

लंडनमध्ये आयसीयूतल्या ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने वरचेवर मोजला गेला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे स्नायूची जाडी, सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. हे नुसतं पडून राहिल्याने होत नाही. जंतुसंसर्गाच्या दाहात शरीर स्नायूंमधली प्रथिनं झपाट्याने मोडतं आणि नवी बनवणं मंदावतं. श्वासपटलाचीही (छाती आणि पोट यांच्यामधला, श्वास आत ओढणारा मुख्य स्नायू) तीच गत. २००८ च्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांचं श्वासपटल तपासलं. १८ ते ६९ तास सगळा श्वास व्हेंटिलेटरने घेतला होता, तेवढ्यात त्यातल्या तंतूंचा छेद निम्म्याहून कमी उरला होता.

आता मांडी बारीक झाली तर दम का लागावा? मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. स्नायूच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतात. आजारात त्यांची क्षमता घटते. मग चार पायऱ्या चढतानाच त्यांचं उत्पादन अपुरं पडतं आणि पेशी ग्लुकोजच्या झटपट विघटनावर जास्त भिस्त ठेवते. त्यातून लॅक्टेट आणि त्यासोबत हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता, रक्तात उतरते. रक्तातलं बायकार्बोनेट हे आयन पकडतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, आणि ते फुटून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या ज्वलनातून निघतो त्याच्यावर हा जादा कार्बन डायऑक्साइड. तो बाहेर टाकायचा तर श्वास वाढवायलाच हवा. उरलेल्या आम्लतेची खबर मानेतल्या रोहिणीजवळचे कॅरॉटिड पिंड मेंदूला देतात आणि श्वासाचा हुकूम आणखी चढतो. तो पाळायचा कुणी? अर्धमेल्या श्वासपटलाने! मेंदू जेवढा जोर लावायला सांगतो तेवढी हवा आत येत नाही, आणि ही तफावत आपल्याला 'दम' म्हणून जाणवते. ऑक्सिमीटर यातलं काहीच मोजत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरलंय एवढंच तो सांगतो. ते भरायला किती श्वास खर्ची पडले, ते नाही.

कॅनडात एआरडीएसमधून (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वास निकामी होण्याची अवस्था) वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा झाला (२००३). फुप्फुसांचं आकारमान बहुतेकांचं सहा महिन्यांत जवळपास पूर्ववत झालं. पण वर्षानंतरही सहा मिनिटांत त्यांच्यातल्या मधल्या क्रमांकाच्या माणसाचं चालणं (मध्यक) ४२२ मीटर, म्हणजे अपेक्षेच्या दोन-तृतीयांश.

म्हणून फिजिओथेरपिस्ट वॉर्डातच येऊन पेशंटला उठवतात. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणं, मग खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, मग कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. श्वासाच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंचा स्पायरोमीटर देतात, तो बरेच लोक फुगा फुगवल्यासारखा फुंकतात. तो फुंकायचा नसतो, सावकाश आत ओढायचा असतो, तरच फुप्फुसांतले मिटलेले वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) उघडायला मदत होते.

मात्र 'जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं उत्तम' हेही खरं नाही. व्हेंटिलेटरवरच्या ७५० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) नेहमीपेक्षा जास्त हालचाल करून घेतलेल्यांना जादा फायदा दिसला नाही. उलट रक्तदाब, हृदयाची लय यांच्या तक्रारी त्यांच्यात जास्त आढळल्या. व्यायामाचा डोस असतो, औषधासारखाच.

आणि आजाऱ्याला साबुदाण्याची पेज देणं आता थांबवा. तिच्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. आयसीयूतल्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे निदान १.२ ग्रॅम प्रथिनं द्यावीत असं सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ग्रॅम. घरी आल्यावर झीज भरून काढायलाही प्रथिनं लागतातच, आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

सगळाच दम स्नायूंचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. चालल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा तीन किंवा जास्त अंकांनी उतरत असेल तर फुप्फुसं पुन्हा तपासून घ्यावीत. एकाच पोटरीला सूज आली, छातीत कळ आली किंवा दम अचानक वाढला, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन तडक हॉस्पिटल गाठावं.